वाकडी पट्टी आणि दत्तूमामा

आमच्या नागापूरच्या वर्कशॉपातले दत्तूमामा म्हणजे काष्टी गावचे जुने फिटर. वाकडं काही दिसलं की यांचे हात शिवशिवतात. त्या दिवशी लेझरने धातूची पावडर वितळवून छापलेली आमची पहिली पट्टी तयार होती, धनुष्यासारखी. कितीही दाबली तरी सोडल्यावर बाक तस्साच परत यावा, ही ती मागवणाऱ्या पुण्याच्या साहेबांची अट.

सकाळी मी साहेबांना घ्यायला स्टँडवर गेलो. बस दोन तास उशिरा. त्यांना घेऊन परत येतो तर मामा पट्टी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळतायत! माझं धाबंच दणाणलं.

साहेबांनी पट्टी मापली. बाक जसाच्या तसा.

"दाबून किती वेळा बघितली?"

मामा घाम पुसत म्हणाले, "माफ करा साहेब. सकाळपासून झटतोय, पन एकदाबी सरळ झाली न्हाई."