सोयाचं दूध आणि वरचं थोडं

जनावरांच्या दवाखान्यात आजारी कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा डोळा लागणारच होता, पण बाकावरच्या सासू-सुनेने तो लागू दिला नाही. सुनेच्या पदरात मलूल करडू होतं.

"त्या सोयाच्या भुकटीच्या दुधानंच जुलाब लागलेत ह्याला," सासू म्हणाली.

"आई, बाकीची करडं तेच पितात. उड्या मारतायत."

"ती दांडगी आहेत. हे कालपासून उभं राहीना."

"डॉक्टर विचारतील, किती पाजलं?"

"तू पाजतेस, तूच सांग."

"बाटलीभर भुकटीचं. आणि सकाळी वर थोडं शेळीचं. चोरून. दूध सगळं डेअरीला जातं, तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

सासू करडाचा कान कुरवाळत राहिली.

"सकाळी होय?"

"हो."

"मी संध्याकाळी पाजते गं."

"बाटलीच्या वर?"

"वरच. ओठ चाटत बघतं मेलं."

"अहो आई, पोट केवढंसं त्याचं. आपण दोघी ओततोय."

"चल, हाक मारली आपल्याला."

"काय सांगू आत?"

"खरं ते सांग."

"आणि वाचलं तर?"

"वाचलं तर एकीनंच चोरायचं. तूच चोर, मला आता वाकवत नाही."