रागिणीच्या पायानं पडलेल्या विकेटा

हॅलो?… कोण?… दुर्गे! अकोल्याहून ना? जोरात बोल वं, इथं टीव्ही बोंबलून राहिला…

कायचे गेले! तू धाडलेले पाहुणे अजून माह्या घरातच आहेत. अकोटची सहाची यष्टी गेली, आठचीबी गेली. बाप-लेक दिवाणावर ठाण मांडून. मॅच सरल्याबिगर उठत नाहीत…

हाव, तोच आफ्रिकेतला वर्ल्डकप, वीस-वीस ओव्हरचा. आता मले काय माहीत, आजच फायनल आहे अन् तेबी पाकिस्तानसंगं? तूच म्हणे ना, दोन-तीन दिवसांत पितर लागतात, आजच पोरगी दाखवून टाक…

दाखवली ना! तेच तं सांगून राहिली. ऐक. आमची रागिणी पोहे घेऊन बाहेर आली, अन् आपली एक विकेट पडली. चहा घेऊन आली, दुसरी पडली. मंग बिचारी गिलास उचलाले आली, तं तिसरी! तो उत्तमराव, पोराचा बाप, घास तोंडातच, अन् म्हणते कसा, "पोरगी पांढऱ्या पायाची दिसते. आत पाठवा तिले."…

हसू नको! माह्या दिवाणावर बसून, माहेच पोहे खाऊन!… आमचे केशवराव? पोरीचे बाप असून ते काय बोलतात! ते म्हणे, "जाय बाई आत, रनरेट खाली आला."…

रागिणी? अंगणात जाऊन बसली. उद्या गणपतीची बोळवण, साठ हार गुंफायचे आहेत. डोळे लाल दिसले, तं म्हणते, झेंडूची धूळ गेली…

अगं ऐक ना… हाव, हाव, माहीत आहे मले! पोराले नांदगाव पेठेत कापडाच्या गिरणीत नोकरी, एक तारखेले पगार. दोन पोरी कपाशीवाल्यायच्या घरी दिल्या, तिसरी देणार नाही, हे मीच म्हटलं होतं. पण म्हणून काय पोरीच्या पायावर शिक्का मारू देऊ?…

दम धर, मजा पुढंच आहे. पाकिस्तानची बॅटिंग आली, अन् त्यायचा एक गडी चिकटला गोचिडावानी. तं हाच उत्तमराव मले म्हणते, "मनकर्णाबाई, पोरीले जरा बाहेर बोलवा ना. तिच्या पायानं विकेट पडते."… हाव! तेच पाय! घडीभरात पांढऱ्याचे सोन्याचे झाले…

म्या म्हटलं, पाय तिचे आहेत, क्रिकेट बोर्डाचे नाहीत…

पोट्टा? मनोज? तीच तं आग आहे माह्या डोक्यात! बाप बोलला तवा याची मान खाली, तोंडात मिठाची गुळणी. असा मुका जावई काय हारात ओवू? नाही दुर्गे, नोकरी गेली चुलीत. मॅच सरली की दोघायले नारळ…

थांब, थांब, शेवटची ओव्हर… हाणला! सिक्स!… आपण नाही वं, पाकिस्ताननं! आता चार बॉल अन् सहा रन. उत्तमराव हात जोडून राहिला… देवाले नाही, मले! "बोलवा तिले, बोलवा तिले"…

अगं!… पोट्टा उठला! मनोज उठला!… केशवराव ओरडून राहिले, जागा सोडू नका, जागा सोडू नका… बापानं शर्ट धरला… झटकला! बापाचा हात झटकला वं! अनवाणीच गेला अंगणात, चार बॉल सोडून!…

थांब, खिडकीतून पाहू दे. मेली फोनची वायर पुरत नाही… हाव, दिसते. तिच्यासमोर उकिडवा बसला. काहीतरी बोलून राहिला… ती वर पाहत नाही… अजून बोलून राहिला… आता पाहिलं! सुई दिली वं त्याच्या हाती! फूल उलटं ओवून राहिला, भैताड…

अगं माय, कान फुटले!… आउट! बॉल वर उडाला अन् आपल्या गड्यानं झेलला! जिंकलो, दुर्गे, जिंकलो!… उत्तमराव नाचून राहिला, पोह्याच्या बशीत पाय. केशवराव रडून राहिले…

हॅलो?… हाव, आहे ना. अन् पाहाय तू, रागिणी अंगणातून हालली नाही! पाय तिचे इथं अन् विकेट पडली आफ्रिकेत…

होकार? उत्तमराव तं आत्ताच ओरडून राहिला, होकार, होकार. त्याले कोण विचारते? होकार रागिणी देईन. नाही म्हणाली तं नारळ आहेच कोनाड्यात… आता कशी सांगू? अजून तं ती त्यानं ओवलेला हार उसवून राहिली. पण हसून राहिली वं…

थांब, हा बुढा निघाला अंगणाकडं… ओ उत्तमराव! बसा खाली! दिवाणावर, तिथंच, होते तसे! पोट्टे बोलून राहिले तिकडं. आता तुमी जागा सोडान, तं पोराची विकेट पडन!

दुर्गे, ठेव फोन. मले खिडकीपाशी जाऊ दे.