जन्मतारखेचा रकाना

नाही हो दादा, मी डॉक्टर नाही. डॉक्टर खाली, लॅबच्या शेजारी— पण तुम्ही बरोबर आलात, मीच बोलावलंय तुम्हाला, तानुबाईंच्या हाती निरोप मीच धाडला होता. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. नवसा खालीच आहे ना, बाकावर? आई आहे जवळ— मग ठीक. सकाळी रक्त घेताना रडली नाही म्हणे, सिस्टर सांगत होत्या, चौदा वर्षांची पोर, नुसती सुईकडे बघत बसली. पाणी घेता? घ्या, पेठहून पहिल्या गाडीनं निघालात म्हणजे पोटात काही नसणार. रिपोर्ट? आलाय रिपोर्ट. माझ्याकडेच आहे. सांगते ना— डॉक्टरांना मीच म्हटलं, मंगळूदादांना आधी माझ्याकडे पाठवा, मग तुम्ही बोला. का म्हणजे— जरा ऐका माझं. मी मोहिनी. या दवाखान्याचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघते, पाच वर्षं झाली. तुमची कार्डं येतात ना, सिकलसेलची, ती इथनं निघतात. या खोलीतनं.

कार्ड आणलंय? दाखवा बघू. अरे, प्लास्टिकमध्ये घालून जपलंत की. पांढरं कार्ड. नवसा मंगळू, गाव, पाडा, सगळं बरोबर, आणि इथं खाली काय लिहिलंय— 'निरोगी'. हे दोन हजार सातच्या एप्रिलमध्ये छापलं, त्या कोपऱ्यातल्या मशीनवर, मी. पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे आजार अंगात नाही पण पुढच्या पिढीत जाऊ शकतो, आणि लाल म्हणजे आजार. हे तुम्हाला माहितीये, तानुबाई पाड्यापाड्यावर जाऊन हेच सांगतात. आशा सेविका वगैरे नव्हत्या तेव्हापासून सांगतायत.

आता हे नीट ऐका. तुमच्या आश्रमशाळेत शिबिर झालं, सहा सालच्या डिसेंबरात, आठवतंय? कोंडाजी आले होते रक्त घ्यायला— लॅबचे, मिशीवाले. नवसा तेव्हा अकराची असेल. असेल म्हणजे— जन्मतारीख नव्हती तिची आमच्याकडे, तुम्हालाही सांगता आली नव्हती, "भाताच्या कापणीला झाली" एवढंच तिच्या आईनं सांगितलं. तर रक्त तपासलं, निकाल रजिस्टरात आला, रजिस्टरातनं कॉम्प्युटरात आला. पण तेव्हा कॉम्प्युटरात निकालाचा रकाना असा होता, की जो टाइप करेल त्यानं मनाला येईल ते लिहावं— कोणी इंग्रजीत दोन अक्षरं, कोणी 'पॉझि', कोणी 'आहे'. नुसतं 'आहे'! काय आहे? म्हणून मी ठरवलं, हे नीटनेटकं करायचं. नवा रकाना करायचा, त्यात तीनच गोष्टी— पांढरा, पिवळा, लाल— आणि जुन्यातलं सगळं नव्यात हलवायचं. याला मायग्रेशन म्हणतात. तुम्ही दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन जगायला जाता ना द्राक्षाच्या बागांवर, त्यालाही साहेब लोक मायग्रेशनच म्हणतात. तेच. सामान इकडचं तिकडं.

आणि हे हलवायचं काम मी स्वतः हातानं करत नाही हो. मध्ये एक असतो— प्रोग्रामच म्हणा, ओआरएम त्याचं नाव— मी त्याला सांगते, हा पेशंट घे, त्याचा निकाल असा लिही, आणि तो टेबलात लिहून येतो. दुभाष्यासारखा. फार सोयीचा. त्याला नियम घालून देता येतात, की बाबा अमुक माहिती नसेल तर लिहूच नको. तर त्याच आठवड्यात ललित सरांनी— आमचे व्यवस्थापक— सांगितलं, अहवालात वयोगट हवेत, जन्मतारखेशिवाय नोंद घ्यायची नाही. मी नियम घातला. एक ओळ. नव्या पेशंटसाठी घातला होता, पण नियमाला काय कळतंय नवं-जुनं! मी हलवाहलव सुरू केली, आणि ज्याची जन्मतारीख नाही त्याच्यापाशी हा मधला थांबला, 'नाही लिहीत' म्हणाला, आणि पुढं गेला. मला कळलंच नाही. कळलं असतं— त्याला हुकूम देताना शेवटी एक उद्गारचिन्ह टाकलं ना, तर तो नाही म्हणताना ओरडतो, सगळं काम थांबवतो. मी टाकलं नव्हतं. एक टिंब आणि एक काठी, दादा. त्याच्यावाचून तो मनातल्या मनात नाही म्हणतो.

आणि नवा रकाना रिकामा ठेवायचा नव्हता, म्हणून आधीच सगळ्यांच्या नावापुढं मी 'निरोगी' भरून ठेवलं होतं. तात्पुरतं. खरा निकाल येईल आणि त्याच्यावर बसेल, असं. ज्यांचा आला त्यांचा बसला. ज्यांचा नाही आला— हं. आणि पुढची ओळ काय होती? जुना रकाना काढून टाक. तो गेला. त्यानंतरच्या ओळीला मात्र एरर आली, दोन पेशंटचा नोंदणी नंबर एकच निघाला म्हणून, आणि सगळं अर्ध्यात अडकलं. परत चालवावं तर म्हणे हा रकाना आधीच आहे. मागं फिरवावं तर म्हणे जुना रकाना कुठाय? ना पुढं ना मागं. दुपारचे बारा वाजलेले, खाली केसपेपरची रांग थेट फाटकापर्यंत, ललित सर दारात उभे— "मोहिनी, किती वेळ?" मी म्हटलं, दहा मिनिटं. आणि काय केलं सांगू? जिथं कॉम्प्युटर लिहून ठेवतो, की हे मायग्रेशन झालं, ते झालं— तिथं मी हातानं लिहून टाकलं. 'झालं.' एरर गेली. रांग पुढं सरकली. सर म्हणाले, शाबास.

तीनशे चाळीस माणसं, दादा. सगळी डोंगरातली. शहरातल्यांना जन्मतारखा असतात.

नाही नाही, थांबा, उठू नका, नवसाचं सांगतेय मी, तिचंच सांगतेय. कळलं मला ते पुढच्या वर्षी, आठ सालच्या जानेवारीत. तानुबाई आल्या, याच खुर्चीत बसल्या, एक कार्ड ठेवलं टेबलावर. "मॅडम, या पोराला शिबिरात लाल सांगितलं व्हतं, डॉक्टरीण बाईनं माझ्यादेखत सांगितलं. ह्ये पांढरं कसं आलं?" मी उघडून बघितलं. मग दुसरं बघितलं. मग तिसरं. जुन्या बॅकअपची सीडी होती, तिच्यावरनं दोन दिवसांत दोनशे एकोणऐंशी जणांचे निकाल परत बसवले, कार्डं नवी छापली, वाटली. पण सीडी सहा सालच्या नोव्हेंबरची होती. तुमचं शिबिर डिसेंबरचं. एकसष्ट जण राहिले. म्हटलं, लॅबचं रजिस्टर बघू— तर लॅबला रंग दिला तेव्हा जुनी रजिस्टरं रद्दीत गेलेली. का? तर आता कॉम्प्युटरात सगळं आहे म्हणून. मीच सांगितलं होतं तसं.

ललित सरांना सांगितलं ना. सांगितलं. ते म्हणाले, "बाहेर बोलू नकोस. देणगीदार जातील, दवाखाना बंद पडेल, मग त्या एकसष्टांना कोण बघणार?" मला पटलं ते. तेव्हा पटलं. मी राजीनामा दिला होता, पुण्यात नोकरी ठरली होती माझी, घर बघून आले होते— तो कागद त्यांनी खणात टाकला. "आधी हे निस्तर, मग जा." अजून त्यांच्या खणातच आहे. मग मी शोधायला लागले. रविवारी तानुबाई आणि मी, जीपनं, कधी पायी. कोणी बागांवर गेलेलं, कोणी ओझरला बांधकामावर, कोणी पावसाळ्यातही परत आलं नाही. तुम्हीच बघा, तुमच्या पाड्यावर आम्ही चारदा आलो, तुम्ही सासुरवाडीला राहायला गेलात हे कोणाला धड सांगता येईना. पावणेदोन वर्षं लागली साठ जण व्हायला. तुमची नवसा साठावी.

एकसष्टावा? तो— पाच वर्षांचा होता. तापानं गेला म्हणाले, सात सालच्या पावसात. आईनं कार्ड आणून दाखवलं मला. पांढरं. आता तो कशानं गेला हे कोणीच सांगू शकत नाही, दादा. ना मी, ना डॉक्टर. यादीत त्याच्या नावापुढं काय लिहू? रिकामं ठेवता येत नाही तिथं. अजून 'निरोगी'च आहे.

हे नव्हतं सांगायचं मला तुम्हाला. तोंडातनं गेलं.

कोंडाजी? आता नाहीत ते इथं. ते— लोक विचारायला लागले ना, कार्डं का बदलली, तर काहीतरी सांगायला हवं होतं. सर म्हणाले, लॅबची चूक सांगू. मी गप्प बसले. तानुबाईंनाही मी तेच सांगितलं, लॅबची चूक— त्या अजून तेच समजतात, जीपमध्ये शेजारी बसून कोंडाजींना शिव्या देतात आणि मी खिडकीतनं बाहेर बघते. वीस वर्षांची नोकरी गेली त्यांची. आता इथंच शहरात, द्वारका चौकात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात बसतात म्हणे. मी द्वारकेवरनं जात नाही, लांबनं वळसा घालून घरी जाते. बघा, दिवसाला किती वळसे! सॉफ्टवेअरचंही तेच. त्या दिवसापासून जे काही नवं करायचं ते त्या हातानं लिहिलेल्या 'झालं'वर उभं करायचं. दुसरा कोणी आला तर पहिल्याच दिवशी अडकेल, मलाच विचारेल, आणि मग सगळं सांगावं लागेल. म्हणून दुसरा कोणी येत नाही. मीच आहे.

हो. हो, सांगते. रिपोर्ट. लाल आहे, दादा.

नवसाचं लाल आहे. आधीपासून लालच होतं. जन्मापासून. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अडकतात, मग हाडं दुखतात, पोट दुखतं, धाप लागते. तिला हे सगळं होत असणार— होत होतं? कधीपासून? पाचवीपासून. मग दाखवलंत ना कुठं? दाखवलंत. काय म्हणाले तिथं? "कार्ड पांढरं आहे, हिला काही नाही, नाटकं करते." आणि शाळेत? शाळेतनं काढून आणलीत. आळशी म्हणाले म्हणून.

काय? जरा मोठ्यानं बोला ना.

कधी? या आवणीला. भात लावताना चिखलात बसून राहिली, उठेना म्हणून. कशानं मारलंत? राहू दे, नका सांगू. रडू नका, दादा— रडा, रडा. तुम्ही तिच्यावर उगाच हात नाही उचललात, तुम्ही आधी कार्ड काढून बघितलंत ना? या प्लास्टिकमधनं काढून? बघितलंत. दवाखान्याचा कागद म्हणतोय काही नाही, मग पोर खोटं बोलते— कोणालाही तसंच वाटेल. कागद माझा होता. मारलंत तुम्ही, ते मला पुसता येत नाही. पण कागद माझा होता.

ऐका आता. औषध आहे याला. बरं होत नाही, पण आवरतं. रोजच्या गोळ्या, पाणी भरपूर, थंडीत भिजायचं नाही, चिखलात उभं राहायचं नाही, आणि दुखायला लागलं की लगेच इथं. हे नवं कार्ड. मी जन्मतारखेपुढं 'माहीत नाही' लिहिलंय, आता तसं लिहिता येतं, नियम काढला मी तो. शाळेसाठी डॉक्टर चिठ्ठी देतील, परत बसवा तिला वर्गात. आणि हा दुसरा कागद— यात मी सगळं लिहिलंय, आत्ता तुम्हाला सांगितलं ते, कोंडाजींचंसुद्धा, खाली सही माझी. एक तुमच्याकडे ठेवा. वाचता येत नाही? नवसाला येतं. तिच्याकडनं वाचून घ्या. कोणाला दाखवायचा का, तक्रार करायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही. सरांना माहीत नाही हा कागद. संध्याकाळी माहीत होईल, तशीच एक प्रत मी त्यांच्या टेबलावर ठेवणारे. आणि एक द्वारकेला घेऊन जाणारे. आज. तुम्ही निघालात की.

काय करतील? काढतील मला. किंवा नाही काढणार, म्हणतील तूच निस्तर. ते जास्त वाईट.

पोरीला काय सांगायचं? ते मी कशी— तिला सांगा, तुझं दुखणं खरं होतं. एवढंच आधी सांगा. गोळ्यांचं नंतर.

मी नाही येत खाली. नको. तिच्यापुढं मला— नको, दादा. तुम्ही जा. जिन्यानं उतरलात की डावीकडे औषधांची खिडकी, हे लाल कार्ड दाखवायचं, पांढरं नाही— पांढरं इथंच राहू द्या, माझ्याकडे. जा आता. खिडकी एकला बंद होते.