दहा मिनिटं मागे

डॉक्टरेटच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. पाचला विद्यापीठातली अर्ज घ्यायची खिडकी बंद व्हायची. समोरच्या बाकावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका आणि त्यांची लेक अर्ज भरत होत्या. आतला कारकून ऐकत होता.

“आई, संशोधनाचा विषय? ‘शैक्षणिक नेतृत्व नि धोरण’ या शाखेत बसेल असं सांग.”

“शाळेचं घड्याळ, लिही.”

“ते दहा मिनिटं मागे पडलेलं?”

“पडलेलं नाही गं, मीच ठेवलंय. लांबून चालत येणारं एकही पोर मग उशिरा आलेलं ठरत नाही.”

“हे कसलं धोरण?”

“तेच तर शोधायचंय. स्वप्नात धुक्यातून पोरं येताना दिसतात, नि काटा त्यांच्यासाठी थांबलेला असतो.”

“अगं आई, पाच वाजून गेले!”

कारकून स्टुलावर चढला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा त्याने हळूच मागे फिरवला.

“सावकाश भरा, बाई. अजून दहा मिनिटं आहेत.”