पासवर्ड विसरलेल्यांना जाणारा मेल

वहिनी : नाही भावोजी, एखादंच वाक्य नाही. सगळंच काढा.

भावोजी : सगळं? दादानं स्वतः बसून लिहिलंय ते. मी म्हणालो होतो त्याला, आपण शिलाई मशीनचे सुटे भाग विकतो, गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं तर वेबसाइटचा तयार मेल जातो, तो जाऊ दे. ऐकतोय कुठला!

वहिनी : वाचा बरं एकदा.

भावोजी : "विसरलात? होतं असं. मी तर चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो. खालची निळी पट्टी दाबा आणि नवा पासवर्ड करा. तरी अडलंच, तर सरळ फोन लावा. मी आहे."

वहिनी : मी आहे.

भावोजी : हं.

वहिनी : लोक खरंच लावतात हो फोन. काल एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. म्हणाल्या, आत्ताच त्यांचा मेल आला, द्या ना त्यांना. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, ते गेले. तर विचारतात, कधी येतील?

भावोजी : अरे देवा. मग?

वहिनी : मग काय, नीट सांगितलं. त्या रडायलाच लागल्या. मीच समजूत काढली त्यांची. मला काही झालं नाही, भावोजी. फोन ठेवला, राहिलेले कपडे वाळत घातले.

भावोजी : फोन नंबर तेवढा काढतो. बाकीचं राहू द्या ना.

वहिनी : का?

भावोजी : असंच.

वहिनी : असंच म्हणजे?

भावोजी : मी मागवतो तो मेल. माझा पासवर्ड मला पाठ आहे. तरी "पासवर्ड विसरलो" दाबतो. लगेच येतो. वर त्याचं नाव असतं.

वहिनी : तुम्हाला मेल येतो. मला फोन येतात.

भावोजी : हो. खरंय.

वहिनी : आलेत ते मेल ठेवा की. त्यांना कोण हात लावतंय?

भावोजी : बरं. सांगा, काय लिहू?

वहिनी : "पासवर्ड बदलण्यासाठी खालची पट्टी दाबा."

भावोजी : एवढंच? शेवटी "आपला नम्र" वगैरे?

वहिनी : आपला कोण?

भावोजी : दुकानाचं नाव टाकतो. आणि नंबर काढला बरं का.

वहिनी : नंबर असू द्या. सकाळी दहा ते पाच, असं लिहा पुढे. दुकान आता मलाच बघायचंय. कुठल्या मशीनला कुठली सुई, एवढं कळतं मला.

(तो टाइप करतो. ती खिडकी लावून घेते.)

भावोजी : झालं. तुम्हाला एक पाठवून बघू?

वहिनी : पाठवा.

भावोजी : आला?

वहिनी : आला.

भावोजी : बरा वाटतोय?

वहिनी : कुणाचाच वाटत नाहीये. चालेल.