अंगठ्याएवढा र

—नाही नाही, घाई करू नका साहेब, बसा जरा. तयार आहे तुमचा र, मूठ तेवढी बसवायची राहिलीय, उद्या हात पोळला तर मलाच नावं ठेवाल. अक्षर मात्र झकास निवडलंत हं! ब, व, क, ही पोटवाली अक्षरं डागायला महावाईट – पोटात आच कोंडते, अक्षराच्या जागी नुसता चट्टा उरतो. र सुटसुटीत. माझ्या बापाच्या वेळेपासून टांगलेत बघा भिंतीवर – हा वीतभर गुरांचा. हा लाकडाच्या वखारीतला, किडका ओंडका निघाला की मारायचा, म्हणजे रद्द. आणि हा जंगलखात्याचा, झाडावर उठवला की राखीव, कुऱ्हाड लावायची नाही. आहे की नाही गंमत? एकच अक्षर, एकीकडे फेकून द्या म्हणतं, दुसरीकडे हात लावू नका म्हणतं. अक्षराला काय कळतंय? ज्याच्या हातात सळई, त्याचा अर्थ.

काय म्हणालात? किती लाल करायची? हं. विचारलंत ते बरं झालं. काल तुम्ही म्हणालात गुरांसाठी – मी मान हलवली. पण एवढासा र गुरावर महिन्याभरात केसांखाली बुडतो, म्हणून तर तो वीतभर करतात. मग म्हणालात, नाही नाही, चामड्याच्या पट्ट्यांसाठी. बरं. पट्ट्यावर तर चामडं भिजवून थंड ठसा ठोकतात, त्याला भट्टी कशाला लागते? म्हणजे केस नाहीत, पट्टा नाही, तापवूनच हवा आणि अंगठ्याएवढाच हवा – उरलं काय, सांगा तुम्हीच. अहो, उठताय कुठं? बसा! माझ्या हातातली ही सळई लाल आहे, घसरली-बिसरली तर माझं काही जायचं नाही.

असाच र मी आधी एकदा केलाय. माझ्या मेहुण्याला – धाकट्या बहिणीचा नवरा, जंगलखात्यात रखवालदार. म्हणाला, ताई, कुऱ्हाडींच्या दांड्यांवर खूण करायचीय. मी हुरळले! एवढं नाजूक काम कोण सांगतं आम्हाला? उलटा र घडवला, काठ कानशीनं घासून गुळगुळीत केले. त्यानंही विचारलं, किती लाल? मी शहाणी, सगळं सांगितलं – काळपट लाल, तीन मोजेपर्यंत टेकवायचा, चार झाले की अक्षर फाकतं. जीभ झडली असती माझी तर बरं झालं असतं. आठवड्यानं बहीण आली. खांद्याच्या मागं, फऱ्यावर – र. सुबक. कुठं फाकलेला नाही, बरोबर तीन मोजले होते मेल्यानं. आणि मी – लाज वाटते सांगायला – मला आधी वाटलं, काय छान उठलाय! बहिणीच्या जळक्या मांसावर मी माझी कारागिरी बघत होते हो. हे मी तिलाही सांगितलेलं नाही आजवर, तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. ती एवढंच म्हणाली, "ताई, तो म्हणतो, तू राखीव."

मग काय? मग मी हातोडा घेऊन गेले. जेवत होता. उजवं मनगट धरून हात उंबऱ्यावर दाबला – पाच बोटं, पाच घाव. पहिले दोन तर नुसता बघतच राहिला, बाईमाणूस असं करेल हे त्याच्या डोक्यातच शिरेना. तिसऱ्याला ओरडला. चौथ्याला माझ्या पाया पडत होता. तिथं थांबता आलं असतं मला. नाही थांबले. अडीच वर्षं आत काढली. पस्तावा म्हणाल तर झाला – डावा हात तसाच राहिला त्याचा.

आता मला सांगा, कालही आणि आजही बाहेर तुमच्या गाडीत मागं बसली होती ती कोण? एवढ्या उन्हात काचा वर, आणि मान म्हणून वर करत नव्हती. बायको? – ओ, आवाज खाली. "माझी बायको, मी बघून घेईन" – हेच मेहुणा म्हणाला होता, शब्दन् शब्द. मी कशाला मध्ये पडू? मी आपली बडबडत बसलेय, आज तेवढंच काम होतं माझ्याकडे. भाता थांबलाय मघापासून, ऐकलंत का? धाकटीच चालवते तो. मी तुम्हाला भिंतीवरचे र दाखवत होते ना, तेव्हाच गेली ती बाहेर, तुमच्या गाडीपाशी. काल तुम्ही माप सांगून गेलात तेव्हाच ठरलं होतं आमचं. तिनं नुसता खांदा उघडून दाखवला असेल – तुमच्या बायकोला दुसरं काही समजवावं लागलं नसेल. कुठल्या गल्लीनं गेल्या ते मला ठाऊक नाही, मुद्दामच विचारलं नाही मी.

पळा, बघून या हवं तर. गाडी रिकामी आहे. पोलिसांत जायचंय? जरूर जा, रस्ता मी सांगते, मला पाठ आहे. सळई कशाला घडवून घेत होतात, ते तेवढं तुमच्या तोंडानं सांगा त्यांना. निघा आता. मला भट्टी विझवायचीय.