अठरा मिनिटं स्लोवर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मोटार क्लबचे प्रमुख ग्रॅम हॉकिंग, व्यासपीठावरच्या नगरसेविका मॅडम, समितीचे सन्माननीय सभासद, सकाळपासून ओव्हनशी झुंजून दोनशे पेस्टी, म्हणजे आपल्या खिम्याच्या करंज्या, भाजणाऱ्या भगिनी, समोर बसलेले कडीना गावचे समस्त रेसवेडे, आणि जिच्यासाठी हा सोहळा मांडलाय ती व्हर्ना ट्रेझाईज, तुम्हा सर्वांना या मर्विन पास्कोचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझा लौकिक ठाऊक असल्यामुळे सेक्रेटरींनी घड्याळ माझ्यासमोरच ठेवलंय. ठेवू द्या.

निमंत्रणपत्रिका वाचली. छपाई सुरेख. त्यात लिहिलंय, 'वयोमानानुसार निवृत्त होत असलेल्या व्हर्नाबाई.' कुणाचं वयोमान? ती त्रेसष्टची. मी एकोणऐंशीचा, आणि मला अजून कुणी निवृत्त केलेलं नाही. एकतीस वर्षं तिनं पत्र्याच्या शेडमध्ये या अख्ख्या किनाऱ्याचे कॅमशाफ्ट, इंजिनातले ते उंचवट्यांचे दांडे, घासून दिले. हात आजही असा स्थिर, की भरलेला चहाचा कप हिंदकळत नाही. ती थकली नाही. तिच्याकडे काम येईनासं झालं. का येईनासं झालं, ते या सभागृहात निम्म्यांना ठाऊक आहे आणि सगळे पेस्टी खातायत.

सहा वर्षांपूर्वी क्लबच्या पन्नाशीला आपण क्लबच्या पिवळ्या रेसच्या गाडीत नवं इंजिन बसवलं. कॅमशाफ्ट व्हर्नाचा, लिफ्टर कोरे करकरीत. तरुण मंडळींसाठी सांगतो, लिफ्टर म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर टेकून व्हॉल्व्ह उचलणारा पोलादी खुंटा. तो नुसता वर-खाली होत नाही, स्वतःभोवती फिरतोसुद्धा. या दोघांचं नव्या नवरा-नवरीसारखं असतं. पहिली वीस मिनिटं इंजिन रेस ठेवलं तर खालून तेलाचे शिंतोडे उडतात, दोघांचे पृष्ठभाग एकमेकांना बसतात आणि पुढं वर्षानुवर्षं कुरबूर नाही. स्लोवर, म्हणजे नुसतं गुरगुरत ठेवलं, तर तेल पोचत नाही, लिफ्टर फिरायचा थांबतो आणि कॅम खडूसारखा झिजतो. व्हर्नानं प्रत्येक उंचवट्याला आपल्या बोटानं काळं मलम चोपडलं होतं आणि स्टिअरिंगला कार्ड बांधलं होतं: 'सुरू होताच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर. वीस मिनिटं. स्लोवर ठेवू नये.'

कार्ड फोटोत वाईट दिसतं म्हणून कुणीतरी काढून खिशात घातलं. ग्रॅम, तू खाली बघू नकोस, मी नाव घेतलेलं नाही.

इंजिन सुरू झालं, टाळ्या झाल्या. मग भाषण. वक्त्याचा आवाज ऐकू येईना, तर समितीतून हुकूम सुटला, "स्लो कर रे. पण बंद नको, मागून गुरगुर राहू दे, शोभा येते." अठरा मिनिटं ती शोभा चालली. मागच्या रांगेतून व्हर्ना ओरडली, "अरे, गाडी कसली स्लो करताय, त्या म्हाताऱ्याला बंद करा." सगळे हसले. तिला हात हलवून 'बस गं' म्हणाले.

तिसऱ्या शर्यतीत इंजिन खडखडलं. तेल काढलं तर चांदीचा वर्ख घातल्यासारखं चमकत होतं. समिती बसली. एकही लिफ्टर उलटा करून न बघता इतिवृत्तात लिहिलं, 'कॅमशाफ्ट सदोष घासल्यामुळे इंजिन निकामी.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ते वाक्य इथून पोर्ट पिरीपर्यंत पोचलं. 'व्हर्नाचे कॅम मऊ असतात.' एकेक गिऱ्हाईक ॲडलेडला गेलं. आपणही गेलो. रोलरवाले महागडे लिफ्टर आणले. वस्तू उत्तम, मी नावं ठेवणार नाही. पण यंदा मार्चमध्ये त्यांच्याही बेअरिंगा फुटल्या. शहरातल्या कारागिरानं पहिलाच प्रश्न विचारला, "फार वेळ स्लोवर उभी करता का हो?" करतोच की! पोरांचे फोटो होईपर्यंत, दर रविवारी, पाऊण तास.

तेव्हा कुठे मला अक्कल आली. भंगाराच्या डब्यातून जुने सोळा लिफ्टर शोधले आणि व्हर्नाकडे गेलो. तिनं एकाच्या तोंडावरून अंगठा फिरवला. तिथं चमच्यासारखा खळगा पडला होता.

"हा फिरायचा थांबला होता, मर्व," ती म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले की. लिहून दिलं, ओरडले. आणखी काय, गाऊन दाखवू?"

मंडळी, त्या दिवशी माइकसमोरचा म्हातारा मी होतो. हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा होता. आणि त्या इतिवृत्ताखाली चौथी सही माझी आहे.

सोमवारी तिचं ग्राइंडिंगचं यंत्र ट्रकवर चढेल. ते मला थांबवता येत नाही. पण आज तिच्या हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन, गोड बोलून, त्या वाक्यासकट तिला घरी पाठवायचं? मला नाही जमणार. मी ठराव मांडतो: ते वाक्य खोडावं आणि तिथं लिहावं, 'कॅमशाफ्ट निर्दोष होता. चूक क्लबची.' बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. हा माझा पहिला. मागच्यांनो, प्लेट खाली ठेवा. मॅडम, आपण पाहुण्या, तरी हात वर केलात, आभारी आहे. ग्रॅम, पाणी नंतर पी.

झालं, ठराव मंजूर. सेक्रेटरी, आत्ता लिहा, माझ्यासमोर. शाईनं.

आयोजकांचे, स्वयंपाकघराचे आणि इतका वेळ चुळबूळ न करता ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलता बोलता कुणाला लागलं असेल, तर ते लागावं म्हणूनच बोललो, त्याबद्दल माफी मागत नाही. माफी एकटीचीच मागायची आहे. व्हर्ना, माझं चुकलं. सहा वर्षं उशीर झाला.